गार चालणारी गाडी

पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, व्हॅनच्या पायरीवर बसून निवांत चहा प्याला आणि मशीनकडं बघून म्हणाला, "पावणं, फेल हाय गाडी."

मी भूगोलाचा शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करत आलो. भर रस्त्यात, हातात छत्री धरून उभा असताना मला कुणी असं तोंडावर नापास केलं नव्हतं. मी म्हणालो, "परत लावून बघा." त्यानं परत लावली. या खेपेला आकडा आणखी वर गेला.

"कार्बन मोनॉक्साइड लई दावतंय," तो म्हणाला. "पेट्रोल नीट जळंनाच झालंय. मिस्त्रीला दावा."

"दर वेळी तर पास होते की."

"दर वेळी नळी घालत हुतं का कोण?"

खरंच कुणी घालत नव्हतं. कुठल्या तरी झाडाखाली गाडी उभी करायची, नंबरप्लेटचा फोटो काढू द्यायचा आणि कागद खिशात घालून निघायचं, एवढीच माझी आजवरची पर्यावरणसेवा. आता मशीनमधला आकडा थेट ऑनलाइन जातो, त्यामुळं त्याचाही नाइलाज होता. एरवी मी त्या कागदाला भीक घातली नसती. पण गाडीला लवकरच पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. आरटीओत नव्यानं पासिंग करून घ्यायचं होतं आणि पीयूसीशिवाय तिथं कुणी गाडीकडं ढुंकूनही बघणार नव्हतं. पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात.

गाडी भंगारात गेली असती तरी मी शाळेत पोचलो असतो. कोल्हापूरहून कबनूरला जायला एसटी आहे, वडापची जीप आहे. प्रश्न माझ्या पोचण्याचा नव्हता. माझ्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचा होता. ती सीट गेली की तो माणूसही गेला, हे मला त्या व्हॅनसमोर उभं असतानाच कळलं.

आमच्या शाळेत शिक्षक एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, विषयानं मारतात. ही गाडी नवी घेतली तेव्हा आम्ही पाच जण तिच्यातून जायचो. मी, गणित सर, हिंदी सर, पीटी सर आणि चित्रकला सर. शिवाजी पेठेतून मी निघायचो आणि वाटेत एकेकाला उचलत जायचो. कावळा नाक्याला चित्रकला सर चढले की गाडी भरली. मग कबनूर येईपर्यंत जे चालायचं त्याला गप्पा म्हणता येणार नाही. पीटी सर एका तालमीचे, गणित सर दुसऱ्या तालमीचे. कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉल संघ, त्यामुळं हंगाम असला की मागच्या सीटवर कॉलर धरायचंच काय ते बाकी राहायचं. मी कितीदा तरी गाडी बाजूला घेऊन "उतरा सगळे!" म्हणून ओरडलोय. कुणी उतरायचं नाही.

मग उतरले. भांडून नाही, आपापल्या रीतीनं. गणित सर निवृत्त झाले. हिंदी सरांची संस्थेच्या गडहिंग्लजच्या शाळेत बदली झाली. पीटी सरांनी इचलकरंजीत घर बांधलं, आणि आता ते सायकलवरून शाळेत येतात आणि सायकलीनं तब्येत कशी सुधारते ते भेटेल त्याला ऐकवतात. ते गेल्यानंतरच्या पहिल्या दिवशी चित्रकला सरांनी सवयीनं मागचं दार उघडलं, जरा थांबले, ते लावलं आणि पुढं येऊन माझ्या शेजारी बसले.

मी एकटा राहतो. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायचं नातेवाइकांनीही आता सोडून दिलंय. पेठेत एका दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. खाली दिवसभर आरडाओरडा, कालवा असतो. पोरं चेंडू खेळतात, त्यातला एखादा माझ्या गाडीच्या दारावर बसतो, मी खिडकीतून शिव्या देतो, पोरं हसतात. बोलणं म्हणायचं तर तेवढंच. दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं आणि त्यानंतर तोंड उघडायची वेळच आली नाही, असे रविवार मी पुष्कळ काढलेत. वर्गात बोलतो, पण ते शिकवणं झालं. माझं बोलणं म्हणजे कावळा नाका ते कबनूर. चित्रकला सर तसे मितभाषी. थंडीत हेर्ल्याच्या पुढं उसाला तुरे आले की "ह्यो रंग पेटीत मिळत न्हाय सर," एवढं म्हणायचे, आणि त्या एका वाक्यावर मी रुई फाट्यापर्यंत बोलत राहायचो. मला ते पुरायचं. खरं सांगायचं तर मी दिवसभर त्यासाठीच साठवून ठेवायचो.

मिस्त्रीचं गॅरेज माझ्या घरापासून जवळच आहे. गाडी घेतल्यापासून तोच बघतो. माझ्याच वयाचा आहे आणि आवाज असा, की कानात कुजबुजला तरी गल्लीला कळावं. त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाला, "ठेवून जावा दोन दिस. काढतो हुडकून."

संध्याकाळी मी चित्रकला सरांना फोन केला. म्हणालो, "सर, गाडी गॅरेजला लावलीय. दोन दिवस एसटीनं जाऊया."

"तुमी जावा सर," ते म्हणाले. "मला विज्ञान मॅडम सोडतील. आमच्या कॉलनीच्या पल्याडच राहाय आल्यात न्हवं का. मागंच म्हणत हुत्या, सर चला म्हणून."

मला वाटलं, आता ते म्हणतील, तुम्ही पण या. ते म्हणाले नाहीत. मग मीच माझी समजूत घातली, की गाडी त्यांची नाही, दुसऱ्याच्या गाडीत तिसऱ्याला ते कसं बोलावतील? समजूत काही पटली नाही. विज्ञान मॅडम शाळेत नव्या होत्या. हुशार पोरगी, कामसू, समोर आलं की थांबून नमस्कार करणारी. तिच्याविषयी वाईट बोलायला मला काही म्हणजे काही सापडत नव्हतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

मिस्त्रीनं प्लग बदलले. एअर फिल्टर बदलला, त्यात उंदरानं संसार थाटला होता. थ्रॉटल धुऊन काढला. गाडीचा आवाज एकदम सुधारला आणि मी हुरळून तशीच ती पीयूसीला नेली. फेल. आकडा थोडा उतरला होता, पण पास होण्याइतका नाही. मिस्त्री म्हणाला, पेट्रोलमध्येच भेसळ असंल, पंप बदला. पंप बदलला, टाकी संपवून परत भरली. फेल. मग त्यानं गाडीखाली झोपून सायलेन्सरवर पाना वाजवून बघितला आणि उठून हात पुसत म्हणाला, "धूर साफ करायचा ह्यो मधला डबा आसतोय बगा, त्योच गेला आसंल. नवा घालण्यापरीस गाडी इका सर. गाडीचंबी वय झालं की आता."

"इंजिन अजून दणकट आहे म्हणून तूच सांगतोस ना?"

"इंजिन दणकटच हाय. पर इंजिन बगून कोण पास करतंय?"

मी त्याच्यावर चिडलो. इतकी वर्षं तू बघतोस आणि तुला साधं कळू नये, वगैरे बरंच बोललो. तो माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलला. शेवटी मी गाडी तशीच घेऊन आलो.

स्टाफरूममध्ये चित्रकला सर रोज विचारायचे, "झालं का सर गाडीचं?" मी म्हणायचो, "होतंय." एकदा ते म्हणाले, "सावकाश करा. माझी काय अडचण न्हाय." चांगल्या मनानंच म्हणाले, मला धीर द्यायला. पण ते वाक्य मला दिवसभर डाचत राहिलं. त्यांची अडचण व्हावी, अशीच माझी इच्छा होती. थोडी तरी व्हावी.

त्या आठवड्यात पावसानं कोल्हापूरला झोडपून काढलं. गाडी पास झाल्याशिवाय सरांना परत बोलवायचं नाही म्हणून मी एकटाच ती घेऊन निघालो होतो. शिरोली नाका ओलांडला आणि काचा आतून धुरकटल्या. एसीचा गॅस कधीच संपलेला. एरवी पावसाळ्यात ही अडचण मला जाणवायचीच नाही, कारण चित्रकला सरांचा एक भला मोठा रुमाल असायचा. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती आहे, तिच्याशेजारी ते तो घडी करून ठेवायचे आणि काच धुरकटली की माझ्यासमोरची आधी पुसायचे, मग आपली. आपल्या काचेवर पुसण्याआधी बोटानं एखादा बगळा काढायचे. आता रुमाल नव्हता. मी एका हातानं पुसायला गेलो, बाहीनं नुसते फराटे उठले, आणि पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसला तोवर तो अगदी अंगावर आला होता. करकचून ब्रेक मारला. मागच्यानं मला आईवरून शिवी दिली. मी गाडी कडेला घेतली.

तेव्हा मला त्या लाल खुणेच्या बटणाची आठवण झाली. गरम हवेचं बटण. कोल्हापुरात गाडीतला हीटर लावतो कोण? मीही लावला नव्हता. पण गरम हवा काचेवर सोडली की ती साफ होते, एवढं माहीत होतं. बटण शेवटपर्यंत फिरवलं, पंखा लावला. भस्सकन गार वारा आला. थांबलो, अजून थांबलो. गारच. आणि मग माझी नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर गेली. तो तळाच्या जेमतेम वर रेंगाळत होता.

सगळं शहर ओलांडून आलेली गाडी, आणि इंजिन गार. काच हातानं पुसून मी पुढं निघालो, आता रस्त्यावर एक डोळा आणि काट्यावर एक. मोकळ्या रस्त्याला गाडी पळायला लागली तसा काटा वर यायच्या ऐवजी होता तिथून आणखी खाली गेला. हा काटा मी वर्षानुवर्षं बघत होतो आणि तो खाली आहे म्हणून समाधान मानत होतो.

मला गगनबावडा आठवला. कितीतरी वर्षांपूर्वी असाच पाऊस असताना आम्ही पाचही जण एका रविवारी तिकडं गेलतो. घाट उतरून खाली कोकणात गेलो, मासे हाणले आणि वर चढताना गाडी तापली. बॉनेटमधून वाफ. चहूकडं धुकं आणि त्यात आमची वाफ. घाटाच्या कठड्यावर पाचही जण भिजत बसलो, सोबत आणलेलं भडंग खाल्लं, आणि गाडी कधी थंड होतेय याची कुणालाही घाई नव्हती. पीटी सर आणि गणित सर त्या दिवशी चक्क भांडले नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं जाऊन म्हणालो, "कायमचा बंदोबस्त कर. परत तापता कामा नये." त्यानं इंजिनातून लिंबाएवढी एक झडप काढली, डब्यात टाकली आणि म्हणाला, "आता ही गाडी कवाच तापणार न्हाय." आमच्याकडं कितीतरी गाड्या तशाच फिरतात. तो उपाय सगळ्यांनाच पाठ आहे.

ती झडप म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन पुरेसं तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. ती नसली की पाणी पहिल्यापासून फिरत राहतं आणि इंजिन कधी नीट तापतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झालीय, अजून गार आहे. म्हणून तो जादा पेट्रोल सोडतो. आणि सोडतच राहतो. ते जळत नाही, मागून धुरात जातं. डबा गेला नव्हता, पेट्रोलही चांगलं होतं. आमची गाडी इतकी वर्षं रोज कबनूरला जात होती आणि तिच्या लेखी ती अजून शिवाजी पेठेतून निघालीच नव्हती.

सापडलं! मला इतका आनंद झाला, की मी "सर, ऐका" म्हणत डावीकडं वळलोसुद्धा. तिथं माझी डब्याची पिशवी होती.

मिस्त्रीला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून गल्लीभर हसला. "आयला! मीच काढलता की त्यो! तुमी म्हणाला कायमचा बंदोबस्त कर, मी केला. परत कोण ध्यानात ठेवतंय?" त्यानं नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटरमधलं नळाचं पाणी काढून कूलंट भरलं. मी गाडी सुरू करून बसलो. काटा हलला. हळूहळू वर यायला लागला आणि माझा जीवही वर यायला लागला. मी किल्लीला हात घातला तसा तो ओरडला, "भिऊ नगा सर, मधी आला की थांबतोय." मधे आला आणि थांबला.

रविवारी मी गाडी गगनबावड्याच्या रस्त्यानं बरीच लांब पळवली, चांगली तापवली आणि परत येऊन थेट व्हॅनसमोर लावली. पीयूसीवाल्यानं नळी घातली. चहा प्यायला बसलाच नाही, मशीनकडंच बघत राहिला. "काय केलंसा वो? पार जमिनीला आला की आकडा." कागद हातात पडला तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. चित्रकला सरांना फोन केला नाही. समोरासमोर सांगायचं होतं.

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेला मी कावळा नाक्याला पोचलो. सर छत्री घेऊन उभेच होते. मी काच खाली केली. ते वाकले. "झाली का सर गाडी?"

"पास! बसा, काय झालेलं ते सांगतो. ऐकून खुर्चीवरनं पडाल."

त्यांनी दाराला हात लावला नाही. "मॅडम निघाल्यात. येतीलच एवढ्यात."

"मग फोन करून सांगा की त्यांना."

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "सर, एक सांगू? राग मानू नका. तुमच्या गाडीत पेट्रोलचा वास यायचा. लई. डोकं धरायचं माझं. शाळेत आलं की आधी गोळी घ्यायचो."

गोळी घेताना मी त्यांना बघितलं होतं. मला वाटायचं, पहिला तास नववी 'ब'वर असतो म्हणून घेतात.

"मग बोलला का नाही कधी?"

"काय बोलायचं सर? तुमी एवढ्या हौसेनं न्यायचा. सगळ्यांनाच यायचा तसा..." ते म्हणाले आणि मॅडमची गाडी येतेय का ते बघायला लागले.

सगळ्यांनाच. म्हणजे गणित सरांनाही, हिंदी सरांनाही, आणि सायकलीचं गुणगान गाणाऱ्या पीटी सरांनाही. मला कधीच आला नव्हता. मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, तोच तर बिघाड होता. इंजिन गार चालत होतं. आता काढला. आता नाही यायचा वास. बसा तरी. बसून बघा."

त्यांनी छत्री मिटली, आत बसले, दार लावलं. मी काच वर घेतली. ते डोळे मिटून श्वास घेत होते, मनापासून, वर्गात एखाद्या पोराचं चित्र लांब धरून बघावं तसं. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. व्हॅनसमोर उभा असतानासुद्धा मला एवढी धाकधूक वाटली नव्हती.

"न्हाय सर," ते डोळे उघडून म्हणाले. "अजिबात न्हाय. झकास झालीया गाडी." त्यांना खरंच आनंद झाला होता, ते तोंडावर दिसत होतं. मी गिअरवर हात ठेवला.

मागून हॉर्न वाजला, हलकासाच. सरांनी मागं वळून बघितलं आणि छत्री उचलली.

"येऊ मग? शाळेत सांगा सगळं, काय झालतं ते." ते उतरले आणि दार लावता लावता परत वाकले. "मॅडमना एकटीनं गाडी चालवायचा लई कंटाळा येतो सर. सोबत लागती त्यांना."

"लागतेच की," मी म्हणालो.

ते पावसातून मागं गेले. आरशात ते दार उघडताना दिसले, छत्री झटकून आत बसताना दिसले, काहीतरी बोलून हसतानाही दिसले. मग मॅडमनी पुन्हा हॉर्न वाजवला, या वेळी जरा लांबवून. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांची वाट अडवून मीच उभा आहे.